महाराज आग्र्यात अडकले होते, तरी राजगड ‘डाऊन’ का झाला नाही?

दहावीच्या निकालाचा दिवस आठवा. घड्याळात दुपारचा एक वाजतो. लाखो पोरं आणि त्यांचे आईबाप एकाच वेळी मोबाईलवर बैठक क्रमांक टाकतात. स्क्रीनवर ते गोल चक्र फिरत राहतं, फिरतच राहतं. शेवटी कुणीतरी म्हणतं की सर्व्हर डाऊन आहे, आणि घरातले सगळे कपाळाला हात लावतात.

दुसरीकडे रोज कोट्यवधी लोक चहाच्या टपरीवर, भाजीच्या गाडीवर मोबाईलवरून पैसे पाठवतात. बहुतेक वेळा ते क्षणात पोचतात. दोन्हीकडे मागे कॉम्प्युटरच आहेत. मग एक सिस्टिम कोलमडते आणि दुसरी टिकते, हे कसं काय?

याचं उत्तर बऱ्याचदा दोन शब्दांत सापडतं. एक म्हणजे लोड बॅलन्सिंग आणि दुसरा म्हणजे हेल्थ चेक. ऐकायला रुक्ष वाटतात ना? म्हणूनच आज हा विषय आपण एका माणसाच्या आयुष्यातून समजून घेऊ. त्या माणसाला तुम्ही शाळेत जायच्या आधीपासून ओळखता. छत्रपती शिवाजी महाराज.

एक गोष्ट आधीच सांगतो. महाराजांनी कॉम्प्युटरचा शोध लावला होता, असला कुठलाही दावा इथे नाही. पण सतराव्या शतकातल्या राज्यापुढे आणि आजच्या डेटाबेसपुढे एक प्रश्न अगदी सारखा आहे. मुख्य जागा बंद पडली, तर बाकीचं चालू राहणार का?

गुंजवण्यातून वर बघा

पुण्याहून नसरापूर, मार्गासनी, साखर करत तुम्ही राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातल्या गुंजवणे गावात पोचता. राजगडाच्या पायथ्याचं हे गाव. शनिवारी रात्री इथे ट्रेकर्सची गर्दी असते. पहाटे निघायचं, धापा टाकत चढायचं आणि चोर दरवाजातून पद्मावती माचीवर पोचायचं, हा नेहमीचा कार्यक्रम.

गडावर पोचलात की एक गोष्ट लक्षात येते. राजगड हा एक किल्ला वाटतच नाही. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या तीन दिशांना पसरलेल्या आणि मधोमध उंच बालेकिल्ला. प्रत्येक माचीला स्वतःची तटबंदी, स्वतःची पाण्याची सोय. शत्रूने एक माची घेतली म्हणजे गड घेतला असं होत नाही. त्याला पुढचा भाग पुन्हा नव्याने लढून घ्यावा लागतो.

आता याची तुलना एका साध्या वेबसाईटशी करा. एक कॉम्प्युटर आणि त्यात सगळी माहिती. तो बंद पडला की विषय संपला. म्हणून मोठ्या कंपन्या एकाच माहितीच्या प्रती अनेक कॉम्प्युटरवर ठेवतात. या कॉम्प्युटरच्या गटाला म्हणतात क्लस्टर आणि त्यातल्या एकेका कॉम्प्युटरला म्हणतात नोड. यातला एक नोड प्रमुख असतो. नवी माहिती आधी त्याच्याकडे नोंदवली जाते आणि मग बाकीच्यांकडे त्याच्या प्रती जातात.

पुण्याच्या जहागिरीपासून सुरुवात

महाराजांचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा, शिवनेरीवरचा. वडील शहाजीराजे आदिलशाहीच्या चाकरीत. शिवबा वाढले ते आई जिजाऊंजवळ, पुण्याच्या जहागिरीत. पंधरा-सोळाव्या वर्षापासून मावळ खोऱ्यातली माणसं त्यांच्याभोवती जमू लागली. तोरणा ताब्यात आला. तोरण्यावर सापडलेल्या धनातून शेजारचा मुरुंबदेवाचा डोंगर बांधून काढला, असं परंपरेने सांगितलं जातं. त्याच डोंगराचा राजगड झाला आणि सुमारे २५ वर्षं स्वराज्याचा कारभार इथूनच चालला.

पण महाराज फक्त राजगड मजबूत करून थांबले नाहीत. ते गडामागून गड घेत गेले, नवे बांधत गेले. सभासद बखरीत दोनशेहून जास्त किल्ल्यांचा हिशेब आहे. आणि प्रत्येक गड आपापल्या जोरावर काही महिने तग धरू शकेल, अशी तजवीज होती. धान्याची कोठारं, पाण्याची टाकी, दारूगोळा आणि शिबंदी हे सगळं गडावरच.

म्हणजे नोड वाढले. पण नुसते नोड वाढवून भागत नाही. कुणावर किती भार टाकायचा, हेही ठरवावं लागतं.

दोन्हीकडून एकदम हल्ला आला तेव्हा

१६५९ चं साल. ५ सप्टेंबरला सईबाई राणीसाहेब राजगडावरच गेल्या. संभाजीराजे तेव्हा जेमतेम सव्वादोन वर्षांचे. त्यानंतर दोनच महिन्यांनी, १० नोव्हेंबरला, प्रतापगडाखाली अफझलखानाचा शेवट झाला. महाराजांनी तसंच पुढे जाऊन पन्हाळाही घेतला.

मग आलं १६६०. आदिलशाहीकडून सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला आणि आत महाराज अडकले. त्याच काळात मुघलांचा शाहिस्ताखान मोठी फौज घेऊन पुण्यात उतरला. एका राज्यावर दोन साम्राज्यांचा भार, तोही एकाच वेळी.

निकालाच्या दिवशी दुपारी एक वाजता सर्व्हरवर हेच होतं.

अशा वेळी क्लस्टरच्या तोंडाशी एक यंत्रणा बसवलेली असते. तिचं नाव लोड बॅलन्सर. येणारी प्रत्येक मागणी आधी तिच्याकडे येते आणि ती ठरवते की ही कुणाकडे पाठवायची. कधी ती क्रमाने वाटते, म्हणजे पहिली पहिल्याला, दुसरी दुसऱ्याला. कधी ज्याच्यापुढची रांग सगळ्यात छोटी, त्याच्याकडे पाठवते. डेटाबेसच्या बाबतीत अजून एक पथ्य असतं. नुसती माहिती वाचायची असेल तर कुठल्याही प्रतीकडे जा, पण बदल करायचा असेल तर प्रमुखाकडेच जा. निकाल बघणं हे वाचन आहे. ते काम दहा प्रतींमध्ये वाटता येतं.

१६६० मध्ये भार असाच वाटला गेला. उत्तरेच्या बाजूला चाकणच्या छोट्याशा भुईकोटात फिरंगोजी नरसाळ्यांनी मुघलांना जवळपास दोन महिने थोपवून धरलं. राजगडावर जिजाऊ होत्या. महाराज पन्हाळ्यावरून निसटले तेव्हा १३ जुलैला घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्या मावळ्यांनी पाठलाग अडवला. त्याची किंमत प्राणांनी मोजली, हे आपण सगळे जाणतो.

पुढे महाराजांनी एक कटू निर्णय घेतला. पन्हाळा आदिलशाहीला देऊन टाकला आणि दक्षिणेकडची आघाडी तूर्त शांत केली. कारण दोन्हीकडे एकदम लढलं असतं, तर दोन्हीकडे हरण्याची वेळ आली असती.

सर्व्हर चालवणारे इंजिनिअर अगदी हेच करतात. झेपत नाही इतका भार आला, तर काही मागण्या सरळ नाकारतात, म्हणजे उरलेल्या तरी पूर्ण होतात. याला म्हणतात लोड शेडिंग. हो, आपल्या लाईटवाल्या लोडशेडिंगमागचा विचारही हाच.

१६६५ मध्ये याचीच मोठी आवृत्ती आली. मिर्झाराजे जयसिंगाच्या फौजेने पुरंदरला वेढा घातला, मुरारबाजी देशपांडे पडले आणि जून महिन्यात पुरंदरचा तह झाला. ३५ पैकी २३ किल्ले मुघलांना द्यावे लागले, १२ राहिले. त्या बारांत राजगड होता. सिस्टिम अर्ध्याहून लहान झाली, पण बंद पडली नाही.

गड जिवंत आहे, हे कळणार कसं?

आता दुसरा शब्द, हेल्थ चेक.

लोड बॅलन्सर काम वाटतो खरा. पण ज्याच्याकडे काम पाठवलं तो नोडच मेलेला असला तर? म्हणून दर काही सेकंदांनी प्रत्येक नोडला विचारलं जातं की बाबा, आहेस का? उत्तर आलं तर ठीक. लागोपाठ दोन-तीनदा आलं नाही, तर त्याला यादीतून बाजूला काढतात आणि त्याचं काम इतरांकडे वळवतात. एकदाच उत्तर चुकलं म्हणून लगेच काढत नाहीत, कारण कधी फक्त नेटवर्क क्षणभर अडखळलेलं असतं. उगाच घाई केली, तर चांगला नोड बाहेर जातो, बाकीच्यांवर भार वाढतो, मग तेही कोसळतात आणि बघता बघता अख्खी साखळी पडते.

स्वराज्यातल्या गडांवर यासाठी काय होतं? एका गडावर एकच मालक ठेवायचा नाही, ही पद्धत होती. हवालदार, सबनीस आणि कारखानीस असे तीन मुख्य अधिकारी. हवालदाराकडे गडाचा ताबा आणि किल्ल्या. सबनिसाकडे हजेरी आणि कागदपत्रं. कारखानिसाकडे धान्य आणि सामानसुमान. शिबंदीसाठी सरनौबत वेगळा. तिघं तीन वेगवेगळ्या समाजांतले असत, म्हणजे संगनमत व्हायला जागा कमी. एकट्या हवालदाराला गड फितूर करायचा असला, तरी बाकीच्यांच्या नजरेतून सुटणं अवघड. शिवाय बहिर्जी नाईकांचं हेरखातं होतं, ते बाहेरून खबर आणत असे.

मुद्दा साधा आहे. तू ठीक आहेस का, हे फक्त त्यालाच विचारून चालत नाही. दुसऱ्या कुणीतरी, दुसऱ्या बाजूने बघावं लागतं.

नोड बाजूला काढण्याचंही एक उदाहरण आहे. जानेवारी १६६६ मध्ये पन्हाळ्यावरचा हल्ला फसला. सरनौबत नेताजी पालकर वेळेवर पोचले नाहीत, म्हणून महाराजांनी त्यांना पदावरून दूर केलं, असं बखर सांगते. त्यांच्या जागी प्रतापराव गुजर आले. नेताजी आधी आदिलशाहीत आणि मग मुघलांकडे गेले. दहा वर्षांनी, १६७६ मध्ये, ते परत आले आणि महाराजांनी त्यांना पुन्हा आपल्यात घेतलं. बिघडलेला नोड कायमचा भंगारात काढायचा नसतो. नीट झाला की तपासून परत घ्यायचा असतो.

आग्रा: फसलेला हेल्थ चेक

आता येऊ मुख्य गोष्टीकडे. ५ मार्च १६६६ ला महाराज राजगडावरून आग्र्याला निघाले. बरोबर नऊ वर्षांचे संभाजीराजे. १२ मे रोजी औरंगजेबाच्या दरबारात काय झालं, ते तुम्हाला ठाऊक आहे. महाराज नजरकैदेत पडले. फौलादखानाचे पहारे बसले.

पेटाऱ्यांची गोष्ट आपण शाळेतच ऐकलेली असते. पण त्यातला एक भाग आजच्या विषयासाठी फार महत्त्वाचा आहे. महाराज आजारी असल्याचं पसरवलं गेलं. १७ ऑगस्टला ते निसटले आणि त्यांच्या जागी हिरोजी फर्जंद पांघरूण घेऊन पलंगावर झोपले. हातातलं कडं तेवढं बाहेर दिसत होतं, असं बखरकार सांगतात.

पहारेकरी येऊन बघत होते. पलंगावर माणूस आहे का? आहे. हातात कडं आहे का? आहे. सगळं ठीक.

डेटाबेसच्या जगात याला म्हणतात वरवरचा हेल्थ चेक. कॉम्प्युटर चालू आहे का, एवढंच विचारायचं आणि हो म्हटलं की पुढे जायचं. पण कॉम्प्युटर चालू असतो आणि आतला डेटाबेस गोठलेला असतो, असं नेहमी घडतं. डिस्क भरलेली असते, किंवा त्याच्याकडची प्रत अर्ध्या तासापूर्वीची असते. लोड बॅलन्सरला मात्र तो ठणठणीत दिसतो आणि तो लोकांना तिकडेच पाठवत राहतो. तुम्ही पैसे भरता आणि ॲप सांगतं की भरलेलेच नाहीत. बऱ्याचदा त्यामागे अशी मागे राहिलेली प्रत असते.

म्हणून शहाणे इंजिनिअर खोल हेल्थ चेक लावतात. नोडला खरोखरचं छोटं काम द्यायचं. एक नोंद लिहून दाखव, एक वाचून दाखव, तुझी प्रत प्रमुखापेक्षा किती मागे आहे ते सांग. आग्र्यातल्या एखाद्या पहारेकऱ्याने पलंगावरच्या माणसाला दोन शब्द बोलायला लावलं असतं, तर कदाचित इतिहास वेगळा झाला असता.

आणि इकडे राजगडावर काय चाललं होतं? राज्याचा प्रमुख हजार किलोमीटरहून जास्त अंतरावर शत्रूच्या कैदेत. निरोप जायला आठवडे लागणार. असं राज्य फुटायला हवं होतं. फुटलं नाही. जिजाऊंच्या देखरेखीखाली मोरोपंत पिंगळे, निळोपंत सोनदेव अशा माणसांनी कारभार चालू ठेवला. गडांच्या दारांवर पहारे बदलत राहिले, कोठारं भरत राहिली. कुठल्या गडाने काय करायचं हे त्या गडाला माहीत होतं, त्यासाठी रोज महाराजांना विचारावं लागत नव्हतं.

महाराज त्याच वर्षी राजगडावर परतले, तेव्हा राज्य जिथे सोडलं होतं तिथेच उभं होतं. चार वर्षांनी, १६७० मध्ये, याच राजगडावर राजारामांचा जन्म झाला आणि त्याच वर्षी तहात दिलेले गड एकामागून एक परत यायला लागले. ४ फेब्रुवारीला सिंहगड आला, पण तानाजी मालुसरे गेले. मार्चमध्ये पुरंदर आला. पुढे राजधानी रायगडावर गेली आणि ६ जून १६७४ ला तिथे राज्याभिषेक झाला. त्यानंतर अकरा दिवसांनी जिजाऊंनी डोळे मिटले.

पण एक प्रश्न सुटायचा राहिला

इथवर गोष्ट यशाची आहे. पण आयुष्य नीट सांगायचं, तर पुढचंही सांगायला हवं.

३ एप्रिल १६८० ला रायगडावर महाराज गेले. संभाजीराजे तेव्हा पन्हाळ्यावर होते. पुढचा छत्रपती कोण, हे सगळ्यांना मान्य होईल अशा रीतीने ठरलेलं नव्हतं. रायगडावर सोयराबाई आणि अण्णाजी दत्तो यांच्या पुढाकाराने दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवण्यात आलं. एक राज्य आणि दोन प्रमुख.

डेटाबेस सांभाळणाऱ्यांची झोप उडवणारी हीच परिस्थिती. नाव आहे स्प्लिट ब्रेन. प्रमुख नोड गायब होतो, क्लस्टरचे दोन तुकडे पडतात आणि दोन्हीकडे एकेक नवा प्रमुख उभा राहतो. दोघंही हुकूम घेतात, दोघंही नोंदी करतात आणि दोन्ही वह्या वेगळ्या होतात. सर्व्हर बंद पडण्यापेक्षा हे वाईट, कारण नंतर कुठली नोंद खरी हेच ठरवता येत नाही.

यावरचा उपाय आहे बहुमत. तीन नोड असतील तर किमान दोन, पाच असतील तर किमान तीन ज्याच्या बाजूने, तोच प्रमुख. दुसऱ्याने गप्प बसायचं. म्हणून क्लस्टरमध्ये नोडची संख्या शक्यतो विषम ठेवतात.

१६८० मध्ये हा निकाल लावला फौजेने. सरसेनापती हंबीरराव मोहिते हे सोयराबाईंचे सख्खे भाऊ, म्हणजे राजारामांचे मामा. पण ते उभे राहिले संभाजीराजांच्या बाजूने. पन्हाळ्याकडे निघालेल्या अण्णाजी आणि मोरोपंतांना त्यांनी ताब्यात घेतलं. काही आठवड्यांत रायगड संभाजीराजांकडे आला आणि जानेवारी १६८१ मध्ये त्यांचा राज्याभिषेक झाला. राज्य दोन भागांत फुटायचं वाचलं, पण घरातल्या त्या जखमेने पुढे बरीच माणसं गमावली.

यातून काय शिकायचं? भार वाटण्याची सोय झाली, तब्येत तपासण्याची सोय झाली, तरी प्रमुख गेल्यावर दुसरा कोण, हे आधी ठरवून ठेवणं हे वेगळं काम आहे. ते शांततेच्या दिवसांतच करावं लागतं.

राजा नाही, राजधानी नाही, तरीही

खरी परीक्षा अजून बाकी होती. मार्च १६८९ मध्ये औरंगजेबाने संभाजीराजांना हाल करून मारलं. त्याच वर्षी रायगड पडला. प्रमुख गेला, मुख्य केंद्रही गेलं.

पण महाराजांनी १६७७ च्या दक्षिण मोहिमेत तमिळ मुलखातला जिंजीचा किल्ला घेऊन ठेवला होता. राजाराम महाराज तिथे पोचले आणि तिथून राज्य चालू झालं. इकडे महाराष्ट्रात रामचंद्रपंत अमात्यांना सगळे अधिकार दिले. संताजी घोरपडे, धनाजी जाधव मुघलांना कुठेच स्वस्थ बसू देईनात. मुघलांना जिंजी घ्यायला सात वर्षांहून जास्त लागली. तोवर राजाराम महाराज तिथूनही निसटले होते.

आजच्या भाषेत सांगायचं, तर मुंबईतलं डेटा सेंटर बुडालं आणि चेन्नईतल्या प्रतीवरून काम सुरू झालं. याला फेलओव्हर म्हणतात. बँका आपल्या माहितीची एक प्रत दूरच्या दुसऱ्या शहरात ठेवतात, त्यामागचं कारण हेच.

१७०४ मध्ये राजगडही औरंगजेबाच्या हाती गेला. पण एक गड घ्यायला महिने जायचे आणि तोवर मागचा एखादा पुन्हा मराठ्यांकडे गेलेला असायचा. १७०७ मध्ये बादशहा नगरला वारला. २५ वर्षं दख्खनमध्ये घालवूनही जे राज्य त्याला बंद पाडता आलं नाही, ते तेव्हाही चालूच होतं. राजगडही परत आला.

तर पुढच्या वेळी निकालाच्या दिवशी ते गोल चक्र फिरायला लागलं, की नुसतं सर्व्हर डाऊन म्हणून सोडून देऊ नका. तीन प्रश्न विचारा. भार वाटला होता का? तब्येत खरंच तपासली होती, की फक्त हातातलं कडं बघितलं होतं? आणि प्रमुख पडल्यावर त्याची जागा कोण घेणार, हे आधी ठरलं होतं का?

आणि कधी गुंजवण्यातून राजगड चढलात, तर पद्मावती माचीवर घटकाभर बसा. १६६६ च्या त्या पावसाळ्यात इथे राजा नव्हता. तरीही संध्याकाळी गडाचे दरवाजे वेळेवर बंद झाले आणि सकाळी वेळेवर उघडले.